डाग्नीने शिवलेली जवाची पिशवी

डाग्नी क्लोस्टरच्या दुकानात पडद्याचं कापड घ्यायला सहसा बायकाच येत. पुरुष एकटा आला की ती समजून जायची, घरात बायको आजारी आहे नाहीतर माहेरी निघून गेली आहे. म्हणून ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी एस्किल राउनकिल्ड टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिने पहिला प्रश्न तोच केला.

"बिर्गिट बरी आहे ना रे?"

"ठणठणीत आहे. का गं?"

"काही नाही. ये, दार लाव आधी. वाऱ्याने माझे नमुने उडतात."

हे दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. खाडीकाठच्या त्या गावात चाळीस वर्षं ती इथेच बसून पडदे शिवत आली होती. रस्त्याने सायकलवरून जाताना कुठल्या खिडकीला आपल्या हातची टीप आहे, हे तिला न थांबता कळायचं. एस्किल तिच्याच वर्गातला. शाळा सुटल्यावर तो कोपनहेगनला गेला आणि तिथल्या कॉलेजात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून दोन वर्षांपूर्वी बायकोला घेऊन आईबापांच्या घरात परत आला. त्याच्या खिडक्यांना तिने पडदे शिवून दिले होते. पण आज त्याला पडदा नको होता.

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर एक गोल, एक उभी रेघ आणि बरेच आकडे.

"मला एक पिशवी हवी आहे. पडद्याच्याच कापडाची चालेल. हे पातेलं. त्याच्या आत बसून काठावरून बाहेर दुमडता यायला हवी."

"आत काय भरणार?"

"जव. भरडलेलं."

"कोंबड्या घेतल्यास की काय?"

"छे. ते भिजवायचं असतं, गरम पाण्यात. तासभर. मग पिशवी उचलायची. जव पिशवीत राहतं, पाणी खाली."

"आणि मग जव खायचं."

"नाही. जव टाकून द्यायचं," एस्किल म्हणाला. "पाणी ठेवायचं."

डाग्नी बुचकळ्यात पडली. धान्य भिजवून पाणी ओतून देतात हे तिने जन्मभर पाहिलं होतं. पाणी ठेवून धान्य फेकणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि तो कापडाच्या ताग्यांकडे असा बघत होता जणू त्यांच्यावर काही लिहिलेलं आहे.

मग तिला एकदम उलगडा झाला. जवाचं पाणी. तिची आई मूतखडा झालेल्या माणसाला तेच द्यायची. बिचाऱ्याला सांगायची लाज वाटत होती.

"दुखतं का रे फार?" तिने हळूच विचारलं.

"पाठ दुखते कधीकधी," एस्किल गोंधळून म्हणाला. "या वयात दुखायचीच."

"कळलं. काही बोलू नकोस. शुक्रवारी घेऊन जा."

आजारी माणसाच्या पोटात जाणारं पाणी, म्हणून तिने दुकानातली सगळ्यांत मऊ सुती मलमल काढली. बाळाच्या पाळण्यावर टाकावी अशी. दोनदा धुतली, इस्त्री केली, आणि तळाला एक साधी टीप मारून पिशवी तयार केली. कागदावरचे आकडे पाहून एकदा वाटलं, खड्यासाठी एवढं मोठं पातेलं? पण शिकलेली माणसं सगळंच मोजून-मापून जास्तीचं करतात, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

नवव्या दिवशी तो परत आला. हातात प्लॅस्टिकच्या थैलीत ती पिशवी होती. बाहेर काढली तर आंबूस वास दुकानभर पसरला. मलमल तपकिरी झाली होती आणि तळाची शिवण वीतभर उसवली होती.

"रागावू नकोस," एस्किल म्हणाला. "चूक माझीच असणार. पाणी खाली उतरेचना. अर्धा तास धरून उभा राहिलो. मग हिसका दिला आणि सगळं जव पातेल्यात."

डाग्नीने शिवण बोटांत धरली. चाळीस वर्षांत तिच्या दुकानातून गेलेली एकही गोष्ट उसवून परत आली नव्हती.

"पण तू जव घातलंस तरी किती?"

"साडेचार किलो."

"साडेचार किलो! अरे, मूतखड्याला ओंजळभर पुरतं."

"कोणाला मूतखडा झालाय?"

बाहेरून मासळीचा ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली.

"बिअर, डाग्नी," एस्किल शेवटी म्हणाला. "मी घरी बिअर करतो. तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तुझे वडील डोळ्यांपुढे आले आणि जीभच उचलेना."

तिचे वडील म्हणजे पोवल मच्छीमार. तरुणपणी इतकं पीत की त्यांची होडी इतरांनी ओढून आणावी लागे. एका हिवाळ्यात ते मिशन हाऊस या गावातल्या प्रार्थनाघरात गेले, बाटली सोडली, आणि पुढची तीस वर्षं शाळाशाळांतून छापील कार्डं घेऊन हिंडले. मी दारूला शिवणार नाही, असं त्यावर लिहिलेलं असे आणि खाली सहीची जागा. तिसरीच्या वर्गातल्या प्रत्येकाने सही केली होती.

"तूही केली होतीस," डाग्नी म्हणाली.

"नऊ वर्षांचा होतो गं मी. त्याच वर्षी मी उत्तर ध्रुवावर जाईन असंही लिहून दिलं होतं."

ती हसली नाही. पण जा असंही म्हणाली नाही. "ठेव ती इथे," एवढंच बोलली. "बघते."

काय बघणार होती, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर तिने पिशवी धुऊन दोरीवर टाकली, मग रस्त्यावरून दिसेल म्हणून काढली, मग घरात वास येतो म्हणून पुन्हा बाहेर टाकली.

तिचा नवरा व्हेर्नर मासळीच्या लिलावात हिशेबनीस होता, आता निवृत्त. दिवसभरात तो वीसेक वाक्यं बोलायचा आणि त्यातली निम्मी हवामानावर. जेवताना डाग्नीने त्याला सगळं सांगितलं. तो बटाटा सोलत ऐकत होता.

"शनिवारच्या लापशीत तू काय घालतेस?" त्याने विचारलं.

शनिवारी ती काळ्या पावाची लापशी करायची, आईसारखीच. शिळा पाव भिजत घालायचा आणि किराणा दुकानातल्या बाटलीभर गोड काळ्या बिअरमध्ये शिजवायचा. गावातल्या सगळ्या घरांत तशीच होते, मिशन हाऊसमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्यांच्या घरातसुद्धा.

"ती वेगळी," डाग्नी म्हणाली.

"किती वेगळी?"

"ती लहान मुलंही खातात."

"हं," व्हेर्नर म्हणाला आणि दुसरा बटाटा घेतला.

जेवण झाल्यावर तिने फडताळातून बाटली काढली आणि चष्मा लावून मागची चिठ्ठी वाचली. पाणी, जवाचं माल्ट, साखर. माल्ट म्हणजे काय ते तिने शब्दकोशात पाहिलं: मोड आणून भाजलेलं धान्य. म्हणजे एस्किलच्या पातेल्यात होतं तेच. मग पाप नेमकं सुरू कुठून होतं? साखर जास्त असली तर नाही, कमी असली तर होतं? तिने थोरल्या बहिणीला, गुड्रूनला फोन लावला. गुड्रून एकाहत्तर वर्षांची, मिशन हाऊसमध्ये दर गुरुवारी बायबलचं वाचन तीच करायची. तिने फोन उचलला आणि डाग्नीचा धीरच गेला. गुडघा कसा आहे, डॉक्टर काय म्हणाला, एवढं विचारून तिने फोन ठेवला.

बिअरचं काही ठरेना. पण पिशवीचं तिला डाचत राहिलं. वाळल्यावर तिने ती खिडकीशी धरली आणि उजेडात पाहिली. मग एक कोपरा पाण्यात बुडवून पुन्हा पाहिली. सुती धागा पाणी प्यायला की फुगतो, आणि मलमलीची ती बारीक भोकं बुजून जातात. शिवाय साडेचार किलो जव पाणी पिऊन नऊ-दहा किलोचं होणार, आणि तळाला आपण एकेरी टीप मारलेली. चूक एस्किलची नव्हती. बिअर असो की आणखी काही, वाईट शिवलेली वस्तू आपल्या हातून गेली होती, आणि ती तशीच सोडणं हेही कुठल्या पुस्तकात बरोबर म्हटलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने सायकलच्या टोपलीत तीन कापडं घातली: पडद्याची पॉलिएस्टर वायल, नवरीच्या ओढणीची जाळी आणि जाडसर ताग. वाटेत मिशन हाऊससमोर झाडलोट करणाऱ्या मेरेटेने हाक मारली.

"डाग्नी, एवढ्या सकाळी कुठे?"

"कापड दाखवायला."

खोटं काहीच नव्हतं, तरी पुढच्या वळणापर्यंत तिची मान ताठ राहिली.

एस्किलच्या गॅरेजात मोटार नव्हतीच. मध्यभागी गॅसच्या शेगडीवर मोठं स्टीलचं पातेलं, वर तुळईला एक कप्पी आणि भिंतीलगत टेबलावर वह्यांचा ढीग. तिला पाहून तो इतका खूश झाला की खुर्ची द्यायचं विसरला.

"बरं झालं आलीस. माझं डोकं पार फिरलंय. कॉम्प्युटरवर सात जणांना विचारलं तर नऊ मतं आली. एक म्हणतो भोकं दोनशेची हवीत, दुसरा म्हणतो चारशेची. तिसरा म्हणतो सहाशेही चालतात, पण मग जव जाड भरडा. चौथा म्हणतो बारीक भरडा, नाहीतर गोडवाच उतरत नाही."

"दोनशे काय?"

"मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग."

"आणि माझी वायल किती?"

एस्किलने भिंग आणि पट्टी घेतली. वायल उजेडाशी धरून तो एका सेंटिमीटरमधले धागे मोजू लागला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा डाग्नीनेच सुईच्या टोकाने मोजून तीस सांगितले. त्याने वहीत भागाकार केला, धाग्याची जाडी वजा केली.

"सव्वादोनशेच्या आसपास."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"पहिल्याच्या मते उत्तम. दुसऱ्याच्या मते पाणी अडकेल."

"तू शिकवायचास ना हे सगळं?"

"मुलांना शिकवताना उत्तर पुस्तकाच्या मागे असायचं."

डाग्नीने त्याची वही मिटली. तिला आकड्यांतलं काही कळत नव्हतं आणि जे कळत होतं त्याने आणखीच भोवंडल्यासारखं होत होतं. पण कापड तिला कळत होतं. तिने कात्री काढली आणि तिन्हींचा हातरुमालाएवढा एकेक तुकडा कापला. प्रत्येकात वाटीभर भरडलेलं जव बांधलं आणि एस्किलने ऊन पाण्याच्या तीन भांड्यांत तीन पुरचुंड्या सोडल्या. मग दोघं कॉफी पीत बसली. बिर्गिट घरातून दालचिनीचे पाव घेऊन आली, दोघांकडे आणि तीन भांड्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता परत गेली.

तासाने एकेक पुरचुंडी उचलली. जाळीतून पाणी धबधबा पडलं, पण त्याबरोबर पीठही. भांड्यात चिखल झाला. तागातून थेंब थेंब पडत राहिला, आणि तो पूर्ण निथळेपर्यंत त्यांचे दोन पाव खाऊन झाले. वायलीतून पाणी सरळ धारेने उतरलं. थोडं गढूळ होतं, पण तळाला बसलेलं पीठ चमचाभरसुद्धा नव्हतं.

"ही," एस्किल म्हणाला.

"थांब. हिला इस्त्री जास्त तापलेली लागली की ती वितळते. तुझं पाणी किती तापतं?"

"सदुसष्ट अंश. त्याला काही होणार नाही."

"पाण्याचं नाही विचारत. पातेल्याच्या तळाचं विचारते. खाली जाळ असताना पिशवी तळाला टेकली तर?"

एस्किल घरात गेला आणि केक गार करायची गोल तारेची जाळी घेऊन आला. ती तळाला बरोबर बसली. बिर्गिटला ती पुढे परत मिळाली नाही.

आता शिवायचं होतं. तीन दिवस कापलेलं कापड टेबलावर पडून राहिलं. मशीनपाशी बसायची, दोरा ओवायची आणि उठायची. वडिलांचा फोटो मागच्या खोलीत होता. तो तिला तिथून दिसतही नव्हता. तरी ती एकदा आत जाऊन बघून आली. फोटोतले पोवल मच्छीमार नेहमीसारखेच समुद्राकडे बघत होते. त्यांना विचारावं तर ते काय म्हणाले असते, हे तिला पूर्वी नक्की माहीत होतं असं वाटायचं. आता तेवढं नक्की वाटेना. पिणं सोडल्यावरही ते दर शनिवारी ती लापशी दोन वाट्या खात.

बुधवारी तिने शिवायला घेतलं, आणि एकदा हात लागल्यावर नेटकंच शिवलं. तळ गोल ठेवला, कोपरा कुठेच नाही, कारण कोपऱ्यात जव अडकून आंबतं. सगळ्या कडा आत दुमडून दुहेरी टीप मारली, सुटा धागा एकही नाही. वर नेफा करून नाडा ओवला. आणि तळाखालून, कावडीच्या शिंक्यासारखे आडवे-उभे जाणारे दोन नवारीचे पट्टे घातले, म्हणजे सगळं वजन कापडावर न येता पट्ट्यांवर येईल. मध्येच शाळेच्या मुख्याध्यापिकेने आत येऊन विचारलं, हे काय चाललंय. डाग्नी म्हणाली, "गाळणी." बाईंनी मान डोलावली आणि बाथरूमच्या पडद्याचं माप दिलं.

दुसऱ्या शनिवारी ती पिशवी घेऊन स्वतः गेली. नुसती देऊन परत यायचं ठरवलं होतं. पण उचलताना काय होतं ते पाहिल्याशिवाय तिचा पाय निघेना. जव घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं, वर जुनी रजई गुंडाळली. तासाने एस्किलने पट्टे कप्पीच्या आकड्यात अडकवले आणि दोर ओढायला लागला. पिशवी वर आली, फुगलेली, वाफाळती, एखाद्या गुबगुबीत वासरासारखी जड. शिवण ताणली गेली. डाग्नी खाली वाकून तळाकडे बघत होती. एक धागासुद्धा हलला नाही. आणि मग पाणी उतरू लागलं, पुष्कळ धारांनी, एकसारखं, पातेल्यात पाऊस पडल्यासारखा आवाज करत. तिचा जीव भांड्यात पडला. गॅरेजात ताज्या पावाचा वास भरला होता.

एस्किलने कपात थोडं काढून तिच्यापुढे धरलं.

"मी घेत नाही. तुला माहीत आहे."

"ही बिअर नाही. नुसतं गोड पाणी आहे. यीस्ट अजून घातलेलंच नाही."

"मग बिअर कधी होते?"

"यीस्ट घातल्यावर. उद्या सकाळी बुडबुडे यायला लागतील. मग हळूहळू."

"हळूहळू म्हणजे? नक्की केव्हा? दुपारी? परवा?"

"नक्की असा क्षण नसतो गं," एस्किल म्हणाला. "निदान मला सांगता येत नाही."

डाग्नी कपाकडे बघत राहिली. हे तर तिला आणखीच अवघड झालं. रेघ असती तर तिने ती ओलांडली नसती. तेवढं तिला जन्मभर जमलं होतं. तिने एक घोट घेतला. गोड होतं, कोमट, जिभेला थोडं चिकटणारं. दुसरा घेतला. मग अर्धा कप ठेवून ती म्हणाली, "पिशवी गरम पाण्यात धू, साबण लावू नकोस, आणि ओली ठेवू नकोस," आणि सायकलवर बसून घरी आली.

एस्किलने जवळच्या लेमवीग गावातल्या आपल्या मित्रांना सांगितलं असणार. नाताळच्या आधी दोन फोन आले, नंतर आणखी. कोणाचं पातेलं रुंद, कोणाचं उंच, एकाचा तर जुना कपडे धुवायचा तांब्याचा हंडा. प्रत्येकाला ती सांगायची, माप आणा, आणि बरोबर वाटीभर जव आणा. जव कसं भरडलं आहे ते बोटांनी पाहून मगच ती कापडाला हात घाले. ईस्टरपर्यंत अकरा पिशव्या झाल्या. दुकानाच्या खिडकीत तिने एकही टांगली नाही. त्या मागच्या खोलीत खुंटीवर असत, आणि शनिवार-रविवारी ती त्यांना हात लावत नसे. हा नियम तिने का केला ते व्हेर्नरने विचारलं. तिला सांगता आलं नाही.

मे महिन्यात गुड्रून आली. न कळवता, गुडघ्याला पट्टा बांधून. कॉफी उकळेपर्यंत ती मागच्या खोलीत जाऊन बसली. डाग्नी कप घेऊन आली तेव्हा बहिणीच्या मांडीवर बारावी पिशवी होती. गुड्रूनने ती खिडकीकडे धरली होती.

"हे काय गं?"

डाग्नीच्या ओठांवर जवाच्या पाण्याचं आलं होतं, गाळणीचं आलं होतं. मूतखडासुद्धा येऊन गेला.

"बिअरची पिशवी आहे," ती म्हणाली. "लोक घरी करतात. मी शिवून देते."

गुड्रूनने शिवणीवरून बोट फिरवलं, नेफ्यातला नाडा ओढून पाहिला, तळाचे पट्टे उलटे करून पाहिले.

"वजन किती येतं यात?"

"दहा किलो. हिच्यात बारा."

"मग हा पट्टा बोटभर रुंद घ्यायला हवा होतास," गुड्रून म्हणाली. "हा कापेल." तिने पिशवी घडी करून खुंटीखाली ठेवली, कॉफी घेतली आणि मुलीच्या नव्या घराबद्दल बोलू लागली. चार वाजता बसने गेली. जाताना नेहमीसारखा गालाला गाल लावला.

डाग्नी बराच वेळ दारात उभी होती. बहीण रागावली होती, की तिला चाललं होतं, की पट्ट्याचं बोलून ती आणखी काही सांगत होती? व्हेर्नरला विचारलं तर तो म्हणाला, वारा उद्या पश्चिमेचा होणार. पुढच्या गुरुवारी मिशन हाऊसमध्ये डाग्नी दुसऱ्या बाकावर बसून वाचन ऐकताना बहिणीचा चेहरा निरखत राहिली. वाचन दानधर्मावर होतं. त्यातून काहीच निघेना.

शुक्रवारी तिने बाराव्या पिशवीचे पट्टे उसवले आणि बोटभर रुंद नवार लावली.